बिनपडद्याची खिडकी

लेकीकडं तीन महिने राहून अमेरिकेहून परत आले आणि आठवड्याभरातच आपल्या मंडळाच्या संपादक ताईंचा फोन आला. "बाई, अंकासाठी प्रवासवर्णन लिहा की." मी हो म्हणून बसले. वही घेतली. विमानातलं जेवण, गोल्डन गेटचा लाल पूल, लेकीच्या दारातलं लिंबाचं झाड असं दोन पानं लिहिलंही. मग पेन खाली ठेवलं. तीन महिन्यांत एवढं पाहिलं, पण मनात घर करून राहिलं ते एकच ठिकाण. ते ठिकाण म्हणजे एक दारूचा बार.

हसू नका. घरात पंढरीची वारी, गळ्यात माळ, भालकी तालुक्यात एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेली मी बाई. बारची पायरी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा चढले. का चढले आणि उतरताना काय घेऊन उतरले, तेवढंच सांगायचं आहे. यात ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांना विचारून लिहिते आहे. नाव मात्र कुणाचंच घालत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बिदरहून आला होता. त्यानं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत कलबुर्गीच्या एका मुलीचा फोटो, पत्रिका आणि माहितीचा कागद. दादाचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला आहे. वय चौतीस. पाच-सहा स्थळं त्यानं "आत्ता नको" म्हणून परतवलेली. दादा म्हणाला, "लहानपणी तूच सांभाळलंयस त्याला. तुझं ऐकेल. होकार घेऊनच ये." मी पाकीट पर्समध्ये ठेवलं. मुलगी खरंच छान होती, इंजिनिअर झालेली, हसरी. मला तर फोटो बघूनच पसंत पडली.

जूनमधल्या एका शनिवारी भाचा मला न्यायला आला. लेक फ्रीमाँटला राहते. तिथून बार्ट नावाच्या लोकलनं आम्ही शहरात गेलो आणि मार्केट स्ट्रीटवर जुन्या काळातल्या ट्राममध्ये बसलो. शेवटचा थांबा कॅस्ट्रो. उतरलो तर समोर उंच खांबावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा केवढा तरी मोठा झेंडा. जून असून वाऱ्याला असा गारठा, की मी पदर कानावरून घट्ट घेतला. "आत्या, आज तुला आमची चावडी दाखवतो," असं म्हणत तो मला कोपऱ्यावरच्या एका जागेत घेऊन गेला. आत गेल्यावर बाटल्या दिसल्या तेव्हा कळलं, हा बार आहे. ट्विन पीक्स टॅव्हर्न.

"अरे, कुठं आणलास बा मला!" मी परत फिरायलाच लागले.

"लिंबू-सोडा पी की. खिडकीशी बस. दहा मिनिटं बस, नाही आवडलं तर उठू."

बसले. आणि पहिली गोष्ट जाणवली ती खिडकीच. आपल्याकडचे बार तुम्ही बाहेरून पाहिलेच असतील. काचेला काळा नाहीतर हिरवा रंग, दाराला जाड पडदा, आत 'फॅमिली रूम' अशी पाटी. आत बसलेला माणूस रस्त्यावरच्याला दिसू नये, हीच सगळी मांडणी. इथं उलटंच. जागा अगदी चौकात, आणि रस्त्याकडच्या बाजूंना वरपासून खालपर्यंत नुसती काच. ना रंग, ना पडदा. आतून आख्खा चौक दिसतो आणि चौकातून आतलं प्रत्येक तोंड. काचेशी बसलेले बहुतेक माझ्याच वयाचे, पांढऱ्या केसांचे पुरुष. कुणी पेपर वाचतंय, कुणी नुसतंच बाहेर बघतंय. आपल्याकडं पाराखाली म्हातारे बसतात, अगदी तसेच.

मी म्हटलं, "हे तर वाचनालयासारखं दिसतंय."

भाचा हसला. म्हणाला, "या काचेची एक गोष्ट आहे. ऐकणार का?"

त्यानं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते.

पुरुषावर प्रेम करणारे पुरुष आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया, ज्यांना आपण मराठीत समलिंगी म्हणतो, त्यांना भेटायला अमेरिकेतही पूर्वी जागा नव्हती. घर आईवडिलांचं, चर्चमध्ये ते पाप, कचेरीत कळलं तर नोकरी जायची. उरले ते बार. पण तिथंही पोलिसांच्या धाडी पडायच्या. पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून यायची आणि दुसऱ्या दिवशी संसार रस्त्यावर. म्हणून असे बार अंधारे असायचे. खिडकी नाही, असली तर रंगवलेली.

या शहरात मॉन्टगोमेरी स्ट्रीटवर ब्लॅक कॅट नावाचा असाच एक बार होता. त्याचा परवाना काढून घेतला तेव्हा मालक कोर्टात गेला. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी माणसं जमतात एवढ्याच कारणावरून परवाना काढता येणार नाही. सरकारनं १९५५ मध्ये नवा कायदा करून पळवाट काढली. तोही १९५९ मध्ये कोर्टानं रद्द केला. तरी छळ चालूच राहिला आणि १९६३ साली ब्लॅक कॅटचा परवाना गेलाच. तिथं गाणी म्हणणारा होझे सारिया नावाचा कलाकार १९६१ मध्ये शहराच्या निवडणुकीला उभा राहिला होता. निवडून आला नाही, पण मतं हजारोंनी पडली. उघडपणे समलिंगी असलेला माणूस अमेरिकेत निवडणुकीला उभा राहण्याची ती पहिली वेळ. मग जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या बारवर धाड पडली तेव्हा आतली माणसं पळाली नाहीत, उलट पोलिसांपुढं ठाकली. त्याची आठवण म्हणून जगभर जून महिन्यात मोर्चे निघतात.

कॅस्ट्रो ही तेव्हा साधी कामगार वस्ती होती, आयरिश, जर्मन वगैरे कुटुंबांची. ती कुटुंबं उपनगरांकडं गेली, घरं स्वस्त झाली आणि ही तरुण मंडळी येऊन राहू लागली. १९७२ साली मेरी एलन कुन्हा आणि पेगी फॉर्स्टर या दोन मैत्रिणींनी कोपऱ्यावरचा हा जुना बार चालवायला घेतला आणि रस्त्याकडच्या बाजूंना साधी, आरपार दिसणारी काच बसवली. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात ही गोष्ट नव्हेच. पण भाच्यानं मला पुढचं सांगितलं तेव्हा हातातला पेला मी खाली ठेवला. त्या वर्षी कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध कायद्यानं गुन्हा होता. तो कायदा बदलला १९७५ मध्ये. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत तो आजार होता. यादीतून काढला डिसेंबर १९७३ मध्ये. म्हणजे १९७२ मध्ये या काचेशी जो येऊन बसला, तो कायद्याच्या पुस्तकात गुन्हेगार होता आणि डॉक्टरच्या पुस्तकात वेडा. तरी तो इथं दिवसाढवळ्या बसला. रस्त्यावरून त्याचा साहेब, घरमालक, मावसभाऊ, कुणीही जाऊ शकत होतं.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा बसले होते. आमच्याकडं बघून हसले. भाच्याची ओळख दिसली. त्यांनी विचारलं, "आई का?" भाचा म्हणाला, "आत्या." मग ते सावकाश बोलत राहिले आणि भाचा मला मराठीत सांगत राहिला. ते पहिल्यांदा इथं आले तेव्हा आत येऊन बसले, पण काचेकडं पाठ करून. दोन वर्षं पाठच करून बसत होते. मग एक दिवस खुर्ची फिरवली. "एवढंच," म्हणाले, "खुर्ची फिरवायला दोन वर्षं लागली."

मी भाच्याला विचारलं, "तुला एवढं सगळं कसं काय माहीत रे?"

तो थोडा वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, मी यांच्यातलाच आहे."

खरं सांगते, मला धक्का बसला नाही. बसला असता तर बरं झालं असतं. तोंडातून पहिला प्रश्न आला तोच मुळी, "दादाला माहीत आहे?" आणि मनात आलं ते पर्समधलं पाकीट. त्यानं माझी पर्स ओळखली होती. म्हणाला, "बाबांनी फोटो दिला असेल ना तुझ्याजवळ? म्हणून तर तुला इथं आणलं. घरी सांगितलं असतं तर तू रडली असतीस. इथं सगळे बघतायत, रडायची सोय नाही."

मी हसलेही आणि डोळे पुसलेही.

मग तो म्हणाला, "तू घरात मराठी बोलतेस, बाजारात कन्नड, बँकेत दोन्ही. आपल्याकडच्या माणसाला दोन भाषांत जगायची सवय असते. मीही तसाच जगलो. फक्त माझी एक भाषा घरात कुणालाच येत नव्हती."

हे मला आतपर्यंत कळलं. आपण सीमेवरची माणसं. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले, उदगीर-निलंगा तिकडं गेले, भालकी-हुमनाबाद-औराद इकडं राहिले. माझं माहेर एका राज्यात, मावशी दुसऱ्या राज्यात. सरकारी कागदावर आपली भाषा दिसली नाही की कसं वाटतं, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण निदान घरी आल्यावर तरी चूल आणि बोली आपली असायची. या पोराला तेही नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे. पण त्याच्याशिवाय बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही.

माझे धाकटे दीर, आम्ही त्यांना भावजी म्हणायचो. हुशार, गोड गळ्याचे, घरात सगळ्यांचे लाडके. त्यांचे एक मित्र हुमनाबादला शिवणकाम करत. आमची मुलं त्यांना टेलरमामा म्हणत. येळवसला ते दरवर्षी आमच्या शेतात यायचे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला कडब्याची कोप करून पांडव पुजायचे, भज्जी, आंबिल, उंडे यांचं जेवण, येईल त्याला वाढायचं, हे आपल्याकडं सगळ्यांच्या शेतात असतं. जेवणं झाली की भावजी आणि टेलरमामा बांधावर जाऊन बसायचे. अंधार पडेपर्यंत बोलत असायचे. त्या एका दिवशी भावजींचा चेहरा जसा असायचा तसा वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी नसायचा. हे मी पाहिलं होतं. घरात आलेल्या सुनेला सगळं दिसतं.

१९८८ सालची गोष्ट. उदगीरची एक मुलगी मी भावजींसाठी बघितली. माझ्याच ओळखीतलं स्थळ. सुपारी फुटली त्या रात्री सगळे झोपल्यावर भावजी स्वयंपाकघरात आले. मी दुधाला विरजण लावत होते. म्हणाले, "वहिनी, हे थांबवा. माझ्यानं होणार नाही. कारण विचारू नका, पण तुम्ही बोललात तर आई ऐकेल."

मी कारण विचारलं नाही. ते मला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं, "लग्नाआधी सगळेच असं म्हणतात भावजी. एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होतं."

त्यांनी परत कधी विषय काढला नाही. वैशाखात लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. देवदेव झाले, गाणगापूरला माझ्या जाऊबाईंनी दत्ताची सेवा केली, डॉक्टर झाले. दोष सगळा त्यांच्याच पदरात पडला, कारण आपल्याकडं तो बाईच्याच पदरात पडतो. भावजी महिन्यातून एकदा "सोलापूरला काम आहे" म्हणून जायचे. कुणी कधी काय काम म्हणून विचारलं नाही. दोघं भांडले नाहीत. दोघं एका घरात चोवीस वर्षं पाहुण्यांसारखे वागले. २०१२ मध्ये भावजी गेले.

त्या काळी त्यांना जायला जागा तरी कुठं होती? मुंबईत होत्या थोड्याफार. भाच्यानं सांगितलं, कुलाब्यात गोकुळ नावाच्या बारमध्ये ही मंडळी जमत, व्हूडू नावाच्या ठिकाणी शनिवारच्या रात्री असायच्या. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे मासिक काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' नाटक तर १९८१ सालचं. म्हणजे मराठीत कुणी बोलतच नव्हतं असं नाही. पण हुमनाबादचा शिंपी आणि भालकीचा गुमास्ता यांच्यापर्यंत त्यातलं काय पोचणार? त्यांच्या वाट्याला वर्षातून एक येळवस आणि शेताचा बांध.

त्या दिवशी बारमध्ये भाच्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. हार्वी मिल्क नावाच्या माणसानं १९७३ मध्ये याच कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान काढलं. १९७७ मध्ये तो शहराचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला आणि २७ नोव्हेंबर १९७८ ला महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्याबरोबर सिटी हॉलमध्येच त्याचा खून झाला. त्या रात्री याच चौकातून हजारो लोक हातात मेणबत्त्या घेऊन चालत गेले. त्यातून सावरतात तोवर १९८१ मध्ये एड्स आला. सुरुवातीला त्याला नावही नव्हतं. काचेशी बसणारे तरुण एकेक करून दिसेनासे झाले. पुष्कळांच्या घरच्यांनी प्रेतंसुद्धा नेली नाहीत. १९८३ मध्ये इथल्या सरकारी दवाखान्यात फक्त या रोग्यांसाठी वॉर्ड उघडला, तेव्हा तिथल्या नर्सेस हातमोजे न घालता रोग्यांचा हात हातात घेऊन बसायच्या.

मग इथल्याच लोकांनी १९८७ मध्ये एक वाकळ शिवायला घेतली. मेलेल्या प्रत्येकासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा एक तुकडा, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. त्यावर त्याचं नाव, आणि त्याच्या शर्टाचे, जीनचे, टॉवेलचे तुकडे. त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा मैदानात पसरली तेव्हा १९२० तुकडे होते. पुढं ते हजारोंनी वाढत गेले. भाच्यानं मला फोनवर फोटो दाखवले. आपल्याकडच्या बायका गेलेल्या माणसाचं धोतर, लुगडं वाकळीत घालतात आणि पुढची पिढी ते अंगावर घेऊन झोपते. ही तशीच होती.

तो फोटो बघताना मला टेलरमामा आठवले. भावजींच्या तेराव्याला ते आले होते. अंत्ययात्रेत ते सगळ्यात मागं होते, स्मशानाच्या भिंतीबाहेरच थांबले होते. तेराव्याला ओट्यावर बसले, जेवले आणि जाताना जाऊबाईंना हळूच म्हणाले, "वहिनी, त्याचा एखादा जुना शर्ट असला तर द्याल?" जाऊबाई आत गेल्या आणि दोन शर्ट घेऊन आल्या, धुऊन, घडी घालून. मी तिथंच उभी होते. माझ्या डोक्यात तेव्हा आलं होतं, शिंप्याला जुना शर्ट कशाला?

बारमधून निघताना मी पर्समधलं पाकीट काढून भाच्याच्या पुढं ठेवलं. म्हटलं, "हे मी परत नेते. त्या मुलीच्या घरी मी सांगते. कारण काय सांगायचं ते बघू, पण तुझ्या गळ्यात कुणाची मुलगी बांधायला मी येणार नाही." त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काचेतून लोक बघत होते. बघू देत.

घरी आल्यावर आधी दादाकडं गेले. त्यानं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि बाहेर निघून गेला. वहिनी मात्र रडता रडता म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण मी विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही." न विचारण्याचं हे शास्त्र आपल्या घराघरांत किती पक्कं बसलंय!

मग जाऊबाईंकडं गेले. छत्तीस वर्षांनी त्या रात्रीची विरजणाची गोष्ट त्यांना सांगितली. मला वाटलं होतं, त्या रडतील आणि मग मला जवळ घेतील. तसं झालं नाही. त्या शेंगा सोलत होत्या, सोलतच राहिल्या. म्हणाल्या, "अक्का, मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. त्यांनीच सांगितलं. पाया पडून सांगितलं. त्यांचा राग नाही मला. मला वाटायचं, घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून माझं असं झालं. आज तुम्ही म्हणताय, तुम्हाला माहीत होतं."

मी काही बोलू शकले नाही. अजूनही त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. भाच्यासमोर पाकीट परत घेऊन मी मोठं काम केलं असं मला वाटत होतं. ते छत्तीस वर्षं उशिरा केलं होतं, आणि ज्यांच्यासाठी करायला हवं होतं त्यांच्यासाठी नव्हतं.

चार दिवसांनी जाऊबाईंनीच मला बोलावलं आणि भावजींची ट्रंक उघडून दाखवली. तळाला पसरलेल्या वर्तमानपत्रांच्या खाली एक कात्रण होतं, जुलै २००९ मधलं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की सज्ञान माणसांनी संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये लिहिलेलं. भावजींनी ती बातमी कापून जपून ठेवली होती, कुणाला न दाखवता. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, ते बघायला ते नव्हते. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं तो गुन्हा कायमचा पुसला, तेही बघायला नव्हते. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळालेला नाही.

कायदा बदलला तरी भालकीतल्या मुलानं आईजवळ बसून बोलावं, अशी आपली घरं झालीत का? अंकाच्या वाचकांत माझ्यासारख्या आत्या, मावशी, मामा, वहिनी खूप आहेत. स्थळं आपणच सुचवतो. मुलगा किंवा मुलगी "नको" म्हणाली तर एकदा दार लावून, शांतपणे, "का नको?" एवढं विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी आवाज चढवू नका. ते "नको" तुम्ही दाबलंत तर दोन आयुष्यं जातात, आणि दुसरं आयुष्य परक्याच्या लेकीचं असतं. कुणाला वाचायचं असेल तर बिंदुमाधव खिरे यांचं 'मनाचिये गुंती' मिळवा. आपल्यासारख्याच मराठी आईबापांचे अनुभव त्यात आहेत. मुंबईत अशा पालकांचा 'स्वीकार' नावाचा गटही आहे.

ट्विन पीक्सला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरानं ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. आता पोरं फोनवरच भेटतात, त्यामुळं असे कितीतरी बार बंद पडले, हा चालू आहे. तिथं म्हातारेच जास्त बसतात म्हणून तरुण मुलं त्याला चेष्टेनं 'काचेची शवपेटी' म्हणतात. मला ती चेष्टा आवडली. आपल्या माणसांना म्हातारं व्हायला मिळालं, हेसुद्धा त्या लोकांना केवढं वाटत असेल!

दादा अजून मुलाशी बोलत नाही. वहिनी दर रविवारी परसात जाऊन बोलतात. परवा मी गेले होते, तर दादा पेपर खाली न घेताच म्हणाला, "तिकडं उन्हाळ्यातपण थंडी असते म्हणे?" मी म्हटलं, "असते की. स्वेटर लागतो." तो "हं" म्हणाला. त्यावर मी काही बोलले नाही. खुर्ची फिरवायला त्या आजोबांना दोन वर्षं लागली होती.

हा लेख पाठवण्याआधी जाऊबाईंना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. म्हणाल्या, "दोन नाही अक्का, तीन शर्ट दिले होते. एक मी आधीच पिशवीत घातला होता." आणि मग म्हणाल्या, "टेलरमामा आता थकलेत. या येळवसला गाडी पाठवून आणू या. आणि त्यांना बांधावर नको, कोपीजवळ, सगळ्यांच्या पंगतीत बसवू."

या वर्षीच्या येळवसला आमच्या शेतात या. भज्जी भरपूर करणार आहोत.